आगीचं पाणी

लातुरात आपल्याकडं पाणी साठवलेलं आहे हे शहाण्या माणसानं कोणाला कळू देऊ नये. मी ते गच्चीवरच्या टाकीवर, लाल रंगात, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरात लिहून घेतलं. खाली स्वतःचं नावही घातलं. त्यानंतर जे झालं त्याचा दोष मी कोणाला देत नाही. शेजाऱ्यांना तर अजिबात देत नाही, कारण त्यांच्याशी रोज जिन्यात गाठ पडते.

आमची इमारत मन्मथकृपा. खाली दुकानं, वर घरं. खाली व्यंकटचं गादी भांडार आहे आणि त्याला लागून गंगम्माची मेस. शिकवणीसाठी गावोगावहून आलेली पोरं तिथं जेवतात. वर तीन मजले आम्ही राहतो. मी रामलिंग, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, मुक्काम तिसरा मजला. मराठवाड्यात पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या अंगी संयम आपोआप येतो, त्याला दुसरा इलाज नसतो. सगळे मला अप्पा म्हणतात, आणि या प्रकरणापर्यंत ते आदरानं म्हणत होते असं माझं मत आहे.

उन्हाळ्याच्या तोंडाला अग्निशमनवाल्यांची नोटीस आली. खाली दुकानं आणि वर घरं असलेल्या इमारतीनं आगीची सोय करावी, केली नाही तर पहिलं कुलूप गॅसवर चालणाऱ्या दुकानाला लागेल. म्हणजे गंगम्माच्या मेसला. गंगम्मा निलंग्याच्या पलीकडची, मराठीत बोलते आणि कन्नडमध्ये चिडते. तिचा धंदा परीक्षेच्या हंगामावर. ऐन हंगामात मेस बंद पडली तर पोरं दुसरीकडं ताट लावणार, आणि पुढच्या वर्षीची पोरं जुन्या पोरांना विचारूनच मेस धरतात. एकदा कुलूप लागलं की ते नुसतं आठवडाभराचं राहत नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

बैठक झाली. पार्किंगमध्ये सतरंजी टाकली आणि व्यंकटनं दुकानातले लोड आणून ठेवले, त्यामुळं सगळे टेकून बसले आणि बैठक लांबली.

"आग खालून वर जाते," किशनराव गुरुजी म्हणाले. गुरुजी पहिल्या मजल्यावर राहतात. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांचा सल्ला मागावा लागत नाही, तो आपणहून जिना चढून येतो. "म्हणजे आग देणारे तुम्ही दुकानदार, घेणारे आम्ही. घेणाऱ्यानं खर्च का करावा?"

"असं कसं गुरुजी," व्यंकट म्हणाला. "आग खालून वर जात असंल, पण पाणी तर वरून खाली येतंय. टाकी तुमच्या डोक्यावर हाय. पाण्याचं तुमी बगा."

"आगीचं काम आगवाल्यांचं."

"पाण्याचं काम पाणीवाल्यांचं."

यावर चहा झाला. दुसऱ्या मजल्यावरची शिल्पा म्हणाली की आग लागली तर आम्ही माहेरी जाऊ, माझं माहेर इथंच औसा रोडला आहे. गंगम्मा एका कडेला उभी राहून हे सगळं ऐकत होती. मला तिचा चेहरा बघवेना म्हणून मी एवढंच म्हणालो की जबाबदारी सगळ्यांची आहे.

इमारतीच्या बैठकीत हे वाक्य कोणीही बोलू नये. जो बोलतो त्याच्या गळ्यात ती जबाबदारी पडते. टाळ्या वाजल्या, सतरंजी झटकली गेली, आणि घरी येऊन मी बायकोला सांगितलं की मला अग्निसुरक्षेचा प्रमुख केलंय.

वर्षाराणी म्हणाली, "आधी देवघरातली वायर बघा. महिना झाला ठिणग्या उडायल्यात."

कचेरीत गेलो. एका खिडकीवर विचारलं, इमारत रहिवासी का व्यापारी? मी म्हणालो, दोन्ही. मग व्यापारी खिडकीवर जा. व्यापारी खिडकीवरचा म्हणाला, तुम्ही स्वतः दुकानदार आहात का? नाही म्हटल्यावर त्यानं मला परत रहिवासी खिडकीकडं पाठवलं. असं माझं चार-पाच वेळा झालं. शेवटी दोन्ही खिडक्यांच्या बरोबर मधल्या खांबाला टेकून मी उभा राहिलो आणि आमच्या इमारतीची जागा शासनदरबारी हीच असावी अशी माझी खात्री पटली. तिथून जाणाऱ्या विशाखा सोनकांबळे मॅडमनी मला पाहिलं. त्या अग्निशमन अधिकारी. वयानं माझ्या मुलीएवढ्या, पण बोलणं तोलून-मापून.

"जिने किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"एकच."

"मग इमारत एकच. आग लागली तर गादीवाला, मेसवाली आणि तुम्ही त्याच जिन्यात भेटणार आहात. जिना मोकळा ठेवा, आगीच्या पाण्याची टाकी वेगळी करा आणि ती कायम भरलेली ठेवा. मी येऊन बघेन."

कायम भरलेली, हा शब्द त्यांनी किती सहज उच्चारला. मॅडम लातूरला नवीन असाव्यात असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं की त्या इथल्याच होत्या, आणि म्हणूनच बजावून सांगत होत्या.

गुरुजींच्या साडूच्या ओळखीचा मुखेडचा बजरंग नांदेडात हीच कामं करतो. तो माणसं घेऊन आला. गच्चीवरची एक टाकी त्यानं वेगळी काढली, तिला पंप जोडला, तिथून लाल पाइप खाली आणला, प्रत्येक मजल्यावर भिंतीत लाल पेटी आणि पेटीत गुंडाळलेली नळी बसवली. मेसच्या दाराशीही एक बसवली. जाताना त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

"ह्ये नुसतं शोभेला ठिवू नका," तो म्हणाला. "अधूनमधून चालू करून बगत जावा. न्हाईतर ऐन टायमाला जाम व्हतंय आन् मग मला फोन करता."

हे त्याचं शेवटचं वाक्य सगळ्यांनी अगदी मनावर घेतलं. बाकीची त्यानं सांगितलेली एकही गोष्ट कोणाच्या लक्षात राहिली नाही.

टँकर आला, टाकी भरली. तेव्हा नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येत होतं. अशात गच्चीवर काठोकाठ भरलेली टाकी, आणि तिला हात लावायचा नाही. लोक संध्याकाळी ती बघायला येऊ लागले. शिल्पाची आई औसा रोडवरून मुद्दाम येऊन गेली. झाकण उघडून ती बराच वेळ आत बघत राहिली आणि म्हणाली, "पोरी, तुमचं नशीब लई चांगलं." मी टाकीवर ती लाल अक्षरं रंगवून घेतली, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. माझ्या मते व्यवस्था पक्की झाली होती.

चौथ्या की पाचव्या दिवशी गुरुजी वर आले.

"रामलिंगअप्पा, एक शंका. पाणी शिळं झालं तर चालतं का आगीला?"

बाहेरच्यांना हे कळणार नाही. आमच्याकडं नळ आला की घरातलं साठवलेलं पाणी त्या क्षणी शिळं होतं. काल ज्या पाण्यासाठी जावाजावांत भांडण झालं, ते आज नवीन पाणी आल्याबरोबर अंगणात जातं, कारण ताजं भरायला भांडी रिकामी हवीत. हे पिढ्यान्पिढ्या चालत आलंय आणि यात चूक आहे असं मला नोकरीत असतानाही कधी वाटलं नाही. मी गुरुजींना म्हणालो, आगीला काय, शिळं-ताजं सारखंच. पण ते जिना उतरत असताना मला त्यांचा चेहरा पटलेला दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी मी खाली उतरताना शिल्पा लाल पेटी उघडून उभी. नळीचं तोंड ड्रममध्ये.

"काय करायलीस?"

"चाचणी, अप्पा. बजरंगभाऊ म्हणाले होते न्हाई का."

"आणि ड्रम?"

"मग पाणी फरशीवर सोडू का? लातूर हाय अप्पा."

मला खरंच भरून आलं. एवढी कामाची जाणीव आणि वर काटकसर. जिन्यातल्या फळ्यावर मी खडूनं तिचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'आदर्श घ्या'. तो सगळ्यांनी घेतला. गुरुजी शाळेच्या शिस्तीनं सकाळ-संध्याकाळ चाचणी करू लागले. व्यंकटला एकदा कूलरमध्ये चाचणी करताना मी पाहिलं. कूलर विजेवर चालतो, विजेनंच आगी लागतात, असं त्यानं मला समजावून सांगितलं आणि मला ते पटलं. एके दिवशी वर्षाराणी म्हणाली, "अहो, तुम्ही प्रमुख, आणि आपल्याच मजल्यावरची नळी कोणी बघत नाही. बरं दिसतं का ते?" तेव्हापासून ती बघू लागली. सगळी इमारत आगीच्या विचारानं इतकी भारली गेली होती की मी फिरायला जाताना छाती जरा पुढं काढून जायचो.

त्याच भरात मी मॅडमना फोन केला. म्हटलं, आमच्याकडं जागरूकता इतकी आहे की रोज चाचणी होते, कधी कधी दोनदा.

मॅडमनी मला तेच वाक्य परत म्हणायला लावलं.

"परवा येते मी," मॅडम म्हणाल्या.

आल्या त्या बरोबर जेवणाच्या वेळेला. मेससमोर पोरांची रांग लागलेली. आधी त्यांनी जिना बघितला. जिन्याखाली व्यंकटच्या कापसाचे गठ्ठे, पहिल्या वळणावर गुरुजींची रद्दी, दुसऱ्या वळणावर शिल्पाचं चप्पल-कपाट, आणि वर माझ्या दारात बिघडलेला कूलर. तो दुरुस्त होणार होता म्हणून मी त्याला धरत नव्हतो. मॅडमनी धरला. मग त्या मेसच्या दाराशी आल्या, नळी उलगडली आणि चावी फिरवली.

नळी खाकरली. तांब्याभर पाणी पडलं. मग ती गप्प झाली.

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, हवा धरली असेल, वर बघून येतो. गच्चीवर मॅडमही आल्या, आणि मग पाठोपाठ सगळे. किल्ली करदोड्याला होती हे मी आधी सांगितलंय. गाठ घामानं आवळली होती. एका महिला अधिकाऱ्यासमोर शर्ट वर करून मी ती दातानं सोडवायचा प्रयत्न केला, दात तिथवर पोचेनात, शेवटी गुरुजींनी मदत केली. मी शिडी चढलो आणि झाकण उघडलं. तळाशी थोडंसं पाणी होतं. त्यात माझंच तोंड दिसलं.

"पाणी कुठंय अप्पा?" मॅडमनी खालून विचारलं.

मग गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "बाष्पीभवन. मे महिना आहे."

"झाकणाला कुलूप असताना?"

"मंद गतीनं होतं," गुरुजी म्हणाले, पण त्यांचा आवाजही बसला होता.

मॅडम खाली आल्या, जीपमधून कुलूप आणि लाख मागवली. गंगम्मा दारात उभी होती. ती मराठीतही बोलली नाही आणि कन्नडमध्येही नाही. मला त्या वेळी खरोखर लाज वाटली. प्रमुख मी, आणि कुलूप तिच्या दाराला.

"सैपाक झालाय," शेवटी ती म्हणाली. "पोरं उपाशी हायेत मॅडम. त्येंचं जेवण हू द्या, मग लावा. तुमीबी बसा, भाकरी गरम हाय."

मॅडमनी रांगेकडं पाहिलं. "पोरांचं होईपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसल्या.

गंगम्मानं मॅडमच्या पुढं ताट ठेवलं आणि जिन्याखाली आली. आम्ही सगळे तिथं कापसाच्या गठ्ठ्यांवर मान खाली घालून बसलो होतो.

"माझ्याकडं दोन पिपं हायेत," ती हळूच म्हणाली. "मीबी केली चाचणी. पोरांच्या खोल्यांवर पाणी न्हाई, त्येंच्या आंघोळीला लागत हुतं. ते आदी न्हेते. तुमचं तुमी बगा."

आणि ती घागर उचलून जिना चढायला लागली.

मग कोण कोणाला काय म्हणालं ते आठवत नाही, कारण कोणी काही म्हणालंच नाही. सगळे आपापल्या घरात गेले आणि भांडी घेऊन बाहेर आले. ड्रम, पिंप, बादल्या, कुकर, इडलीचं पातेलं. गुरुजींनी तांब्याचा बंबही भरून ठेवला होता. तो जड म्हणून ते मगानं उपसत होते. मी घरी गेलो तर वर्षाराणीनं न बोलता दिवाणाची फळी वर उचलली. आत पाण्याचे कॅन एका ओळीत उभे होते. म्हणजे इतके दिवस इमारतीचा अग्निसुरक्षा प्रमुख आगीच्या पाण्यावर गादी टाकून घोरत होता.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर झोप लागली असती का तुम्हाला?" ती म्हणाली. बाईचं एक आहे, तिचं उत्तर नेहमी माझ्या काळजीतूनच निघतं.

पण घागरी जिन्यातून जाईनात. व्यंकटनं स्वतःच कापसाचे गठ्ठे रस्त्यावर ओढले. रद्दी गेली, चप्पल-कपाट गेलं, माझा कूलर मीच उचलून खाली नेला, आणि दुरुस्तीचा विचार मनातून काढून टाकला. जिना एवढा रुंद आहे हे मला तिथं राहायला आल्यापासून पहिल्यांदा समजलं. रांग लागली. हातातून हातात घागरी वर जाऊ लागल्या. जेवून झालेली पोरंही रांगेत उभी राहिली. शिल्पा म्हणाली, माझ्या पाण्याला तुरटी फिरवलीय, गुरुजींच्या गढूळ पाण्यात मिसळू नका. गुरुजी म्हणाले, आग काय पाणी गाळून पिणार आहे का.

तरी टाकी भरेना. कशी भरणार? आंघोळीत गेलेलं पाणी कुठून परत आणायचं? अर्ध्यावर येऊन काम थांबलं. खाली मेसमध्ये शेवटची पंगत उठत होती. मग वर्षाराणी आत गेली आणि माठ घेऊन आली. प्यायचा माठ. तिनं तो टाकीत उपडा केला आणि कोणाकडं न बघता परत गेली. त्यानंतर घराघरातून प्यायचं पाणी आलं, जे आमचं स्वतःचं होतं, नळाचं भरलेलं, पुढच्या नळापर्यंत पुरवायचं. देवघरातले तांबेसुद्धा आले. मी शिडीवर उभा राहून एकेक भांडं रिकामं करत होतो आणि मनात म्हणत होतो की एवढी चांगली माणसं इतके दिवस माझं पाणी चोरत होती.

मॅडम हात धुऊन वर आल्या. मोकळा जिना बघितला, भिजलेली माणसं बघितली, टाकीत वाकून बघितलं.

"भरलीय," त्या म्हणाल्या. "आता धार बघू. अप्पा, नळी तुम्ही धरा."

मेसच्या दाराशी मी नळी धरली, तोंड रस्त्याकडं केलं. पंप सुरू झाला, मी चावी उघडली आणि हातातून नळी निसटते की काय अशी धार सुटली. रस्त्याच्या मध्यापर्यंत जाऊन पडली. डांबरावरून वाफ निघाली. मी चावी बंद केली.

"बंद का केली?"

"आलं की पाणी, मॅडम."

"जोर टिकतो का ते बघायचंय. मी थांबा म्हणेपर्यंत सोडा."

मी परत उघडली. धार सुटली, आणि माझा हात आपोआप चावीवर गेला. परत बंद. मी मुद्दाम करत नव्हतो हो. अख्खी नोकरी पाणी अडवण्यात गेली. ते रस्त्यावर सोडायचं म्हटल्यावर बोटं ऐकेनात.

"अप्पा," मॅडम म्हणाल्या, "असं असेल तर मला पास करता येणार नाही."

वरच्या सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. कोणाच्याही घरात तेव्हा प्यायला घोटभर पाणी नव्हतं. गंगम्मा माझ्या शेजारी आली आणि तिनं तिचा पिठाचा हात माझ्या हातावर ठेवला.

"सोडा अप्पा," ती म्हणाली. "जाऊ द्या."

तिनंच माझ्या बोटांवर बोटं ठेवून चावी फिरवली आणि धरून ठेवली. धार रस्त्यावर पडत राहिली. लेक सासरी पाठवताना उभं राहतात तसे सगळे गप्प उभे होते. शिल्पानं पदर डोळ्याला लावला. गुरुजींनी दुसरीकडं तोंड फिरवलं. पाणी डांबरावरून गटाराकडं चाललं होतं आणि मॅडम थांबा म्हणत नव्हत्या.

तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्या धोंडप्पानं, टायर बुडवायचं घमेलं नव्हे, चांगला मोठा निळा ड्रम आणला, धारेच्या बरोबर खाली ठेवला आणि काही न घडल्यासारखा परत स्टुलावर जाऊन बसला. ड्रममध्ये पाणी पडायचा आवाज आला, आणि सगळ्या गॅलऱ्यांतून एकदम सुस्कारा निघाला.

मॅडमनी ड्रमकडं पाहिलं, मग माझ्याकडं. ड्रम काठोकाठ भरेपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "पास."